लिमिटर न लावलेलं गाणं

८ सप्टेंबर

मारलं त्याने मला! माझ्या स्टुडिओत, माझ्याच खुर्चीत बसलेली असताना. डाव्या कानावर, सगळा पंजा उघडून. आत अजून शिट्टी वाजते आहे.

सुशांत. इथला डीजेवाला, ट्रकवर बॉक्स रचून मिरवणुका करतो. विसर्जनाचं गाणं माझ्याकडून करून घेतलं होतं. गाणं बाहेर जाण्याआधी त्याचा आवाज शेवटचा बसवायचा, हे माझं काम. त्यात लिमिटर म्हणजे छत — आवाज कितीही उसळला तरी त्याच्यावर जात नाही. छत तिथंच ठेवून खालचं सगळं वर ढकललं की गाणं मोठं वाटतं. पण अति ढकललं की ढोलाची थाप छताशी दाबली जाऊन चपटी होते. किती समजावलं मी! "अरे दीदी, और दबाओ. सामने वाले का बाजा मर जाना चाहिए." गिऱ्हाइकाचा हट्ट. दाबलं.

परवा विसर्जनाला, नदीवरच्या ग्वारीघाटाच्या रस्त्यावर सराफ्यातल्या ग्रुपचा ट्रक समोर आला. त्यांची थाप छातीत बसत होती म्हणे, आणि ह्याचं नुसतं भणभणत होतं. पोरं नाचत नाचत तिकडे गेली. आज सकाळी माणसं घेऊन आला. माझा स्पीकर लाथेने पाडला. मी म्हटलं, "भैया, मैंने बोला था—" पुढचं बोलूच दिलं नाही.

जीव घ्यावासा वाटतोय त्याचा.

९ सप्टेंबर

पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणाले, पडदा भरून येईल. बारीक, वरचे आवाज परत येतील का, ते नाही सांगता येत. "काम क्या करती हैं आप?" सांगितलं. ते चिठ्ठी लिहायला लागले.

प्रसन्न बँकेतून लवकर आला. नवरा माझा! वाटलं, आता हा उठेल, चल पोलिसात म्हणेल. तर — "मीनू, जाऊ दे नं. काहून वाढवून राहिली? बदलीवर आलेले लोक आपण. इथं आपलं कोण आहे?"

ताट भिंतीवर फेकलं. वरण खाली ओघळलं. तो फडकं घेऊन पुसत बसला. त्याचा राग आला, त्या फडक्याचाही आला.

१३ सप्टेंबर

हेडफोनवर झांज लावून बघितली. उजव्या कानात झांज आहे. डाव्यात कुणीतरी तांदूळ पाखडतंय. ह्या कानांवर पोट आहे माझं! हेडफोन जमिनीवर आपटला. मोडला.

१४ सप्टेंबर

त्याच्या बोटांवर हातोडी मारायची. एकेका बोटावर, सावकाश. लिहिलं की जरा बरं वाटतं.

१८ सप्टेंबर

आला! निर्लज्ज माणूस. हातात खव्याच्या जिलेबीचा डबा. "गुस्से में हो गया, दीदी. दिल पे मत लो. दशहरे का जस आप ही करोगी, और करता कौन है यहाँ?" जस म्हणजे देवीचं गाणं, त्याचा ट्रक दसऱ्याला त्यावरच निघतो. मग छाती फुगवून म्हणाला, "और सुनो, ट्रक की मशीन में जो लिमिटर पड़ा था ना, वो भी निकलवा दिया. अब कोई रोक-टोक नहीं!"

मी हो म्हटलं. हसून म्हटलं. तो गेल्यावर डबा मोरीत उपडा केला.

ट्रकमधला लिमिटर म्हणजे शेवटचा राखणदार. बॉक्स वाचवतो तो, आणि बॉक्ससमोरचे कान. त्याला ह्या मूर्खाने स्वतःच्या हाताने हाकललं. आता जे वाजेल, ते मी देईन तसं.

२४ सप्टेंबर

केलं. सुरुवातीला नुसती घंटा आणि बाईचा आलाप — इतका हळू, की ऑपरेटर आवाज चढवणारच. चढवतच जाणार. मग एकदम सगळं! ढोल, झांजा, तुताऱ्या, लिमिटर न लावता, पूर्ण ताकदीने. फाटू देत बॉक्स. त्याच्याच अंगणात, त्याच्याच माणसांसमोर थोबाड काळं होऊ दे. पहिलं गाणं गाडी अंगणात असतानाच लागतं, तेव्हा पुढे गर्दी नसते — एवढी चौकशी मी करून ठेवली.

संध्याकाळी पाठवलं. त्याने फोनवर ऐकलं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर काय कळणार! "बीच में एकदम से आता है, मस्त है दीदी." फोन ठेवला. कडकडून भूक लागली, भरपूर जेवले.

२७ सप्टेंबर

शिट्टी थांबत नाही. थांबू नको म्हणावं दसऱ्यापर्यंत.

३० सप्टेंबर

बेबी आली होती. सुशांतची बायको. मला वाटलं, भांडायला आली. तर डोक्यावर पदर, हातात कुंकवाचा करंडा — अष्टमीचं कुंकू लावायला! आणि मराठी निघाली. इथल्याच फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. "ताई, यांनी तुमच्यावर हात उचलला म्हणे," ती म्हणाली. नीट ऐकू यावं म्हणून मी मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला. तिनेही तसाच केला. एकमेकींकडे उजवे कान करून बसलो होतो आम्ही दोघी.

"माझा लग्नाच्या पहिल्याच वर्षी गेला," ती म्हणाली. "डावाच. उजव्या हातानं मारतात नं ते." आज भाजी काय केली ते सांगावं, तसं सांगितलं.

 मग म्हणाली, "दसऱ्याला या नं पूजेले. गाडी निघायच्या आधी घरच्या बाईनं नारळ फोडायचा असते. बॉक्सच्या अगदी पुढ्यात उभं राहून. पहिलं गाणं तवाच लागते. यंदा तुमचं आहे!"

 सगळी चौकशी केली होती मी, आणि ही बाई मला कुणी सांगितली नव्हती!

सांगून टाकलं. तिचे हात घट्ट धरून, रडत. हळू काय वाजतं, मग काय येतं, पुढ्यात उभं असलेल्याचं काय होतं — सगळं. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "किती वेळ हळू वाजते ते?" म्हटलं, नारळ फोडून हात जोडेपर्यंत. तिने मान हलवली. मग मी तिथंच लिमिटर लावून गाणं नीट केलं आणि पेन ड्राईव्हवर घालून दिलं. ऑपरेटरला हेच लावायला सांग, आधीचं पुसून टाक म्हणावं, शंभरदा बजावलं. "हो ताई, हो," म्हणाली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून तो बांधला.

सुटले! केवढं पाप होणार होतं हातून.

१ ऑक्टोबर

शांत झोप लागली. प्रसन्नशी बोलले, कितीतरी दिवसांनी. सणाची धामधूम संपली की पोलिसात जायचं ठरलं, सरळ मार्गाने. "मी येतो नं तुझ्यासंग," म्हणाला. बिचारा. घाबरलेला होता, तरी म्हणाला.

३ ऑक्टोबर

सुशांत दवाखान्यात आहे. दोन्ही कानांतून रक्त. यंदा नारळ त्याने फोडला — बेबीच म्हणाली म्हणे, "इस बार आप फोड़ो जी," आणि स्वतः फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

दुपारी तिचा मेसेज आला. "ताई, गाणं छान वाजलं. तुमचा पेन ड्राईव्ह परत पाठवते."