यंत्राचं भोक आणि गिऱ्हाइकांच्या कंबरा

म्हणजे त्या कॉम्प्युटरला भोक असू शकतं हे तुम्हाला ठाऊक होतं, जावईबापू, आणि तरी तो आणून माझ्या कापडं बेतायच्या टेबलावर ठेवलात, वर "आई, आता निर्धास्त राहा" असंही म्हणालात. मी निर्धास्त राहिले. तिथेच माती खाल्ली. (आशीर्वाद आहेतच, रागावले म्हणून ते काही परत मागत नाही. तुमची पाठ कशी आहे? लेकीचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक, यांचा गुडघा सोडून, आणि तो कधीच ठीक नसतो.) पत्र माझ्या हाताने लिहितेय. अक्षर लागलं नाही तर लेकीला विचारा. सूनबाईला सांगितलं असतं तर तिने निम्मे शब्द गाळले असते, आणि नेमके कामाचे.

झालं असं की सोमवारी दुकान उघडतेय तोच बँकेतल्या कॅशियरबाई फोन पुढे धरून उभ्या. त्यांना आमच्या दुकानाच्या नावाने मेसेज आला होता, तुमचा कोट तयार आहे, इथे बोट दाबा म्हणून. खाली त्यांचं सगळं माप, खांदा, छाती, बाही, कंबर, जसंच्या तसं. मी म्हटलं, बाई, आम्ही कसला मेसेज पाठवतोय, तुमच्या कोटाला अजून अस्तर नाही. तेव्हा उजेड पडला की कुणीतरी आमच्या कॉम्प्युटरात शिरून मापं आणि फोन नंबर उचललेत. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. या बाईंनी कंबरेच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "चाळीस? तुम्ही तर अडतीस म्हणाला होतात."

आता तुम्हाला दुकानातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, लेकीने सांगितली नसेल, तोंडाची पक्की आहे. मी माप घेताना कंबर मोठ्याने दोन इंच कमी बोलते. फक्त कंबर. खांद्याचं कुणाला काही वाटत नाही. मी अडतीस म्हटलं की सूनबाईने चाळीस टिपायचं. कापड खऱ्या मापाने कापलं जातं, गिऱ्हाईक ऐकलेलं माप घेऊन खुशीत घरी जातं, आणि कपडा अंगावर चपखल बसतो म्हणून माझं नाव होतं. माझ्या सासूबाईंची शिकवण, टेपने खरं बोलावं, तोंडाने गोड. याला कुणी फसवणूक म्हणालं तर म्हणो, मी ती शिलाईत धरलेली आहे. पण ही गोष्ट आमच्या घराबाहेर गेली नव्हती, आणि आता एका चोराने ती गिऱ्हाइकांच्या फोनवर घरपोच केली. मी म्हटलं, बाई, बसा, चहा घ्या. त्या म्हणाल्या, "बिनसाखरेचा." एवढ्यावरून समजा किती लागलं असेल ते. जाताना म्हणाल्या, शाळेतल्या बायकांनाही आलाय का मेसेज, विचारते. शाळेतल्या सगळ्या शिक्षिका शनिवारी ट्रायलला यायच्या आहेत, वार्षिक कार्यक्रमाचे ड्रेस, मुख्याध्यापिकाबाईंसकट. माझं अर्धं वर्ष त्या शाळेवर चालतं.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. काडीसारखा माणूस, कानात कायम वायर, बोलताना आपल्याकडे बघत नाही. त्याने काय काय दाबलं आणि म्हणाला, आत जी ऑपरेटिंग सिस्टीम असते (ज्याच्यावर यंत्राचा सगळा संसार चालतो ती, तुम्हाला मी काय सांगायचं) तिच्यात एक भोक होतं. बनवणाऱ्यांना ते केव्हाच सापडलं, त्यांनी बुजवायचा उपायही पाठवला, फुकट. पण तुमच्या कॉम्प्युटरने तो घेतलेलाच नाही. का नाही घेतला? तर तो रोज विचारायचा, बंद होऊन परत चालू होऊ का, आणि आम्ही रोज 'नंतर' दाबायचो. आणि 'नंतर' दाबा हे कुणी शिकवलं? आठवतंय का? "आई, कामाच्या मध्ये कडमडला की 'नंतर' दाबायचं." जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून मी दाबत राहिले. सूनबाई दाबायची. हे सुद्धा दाबायचे, आणि यांना तो चालू कुठून होतो ते माहीत नाही.

खरं सांगते, इथवर मी रागात होते, पण पुढे मला या विषयाची गोडीच लागली. मी त्याला म्हटलं, बाबा, भोकाचं सामान विकतात तरी कशाला? तो म्हणाला, काकू, महागातली घ्या, स्वस्तातली घ्या, फुकटची घ्या, भोक नाही अशी सिस्टीम जगात नाही. माणसांनी लिहिलेली, त्यात कोट्यवधी ओळी, आणि जुन्यावर नवं चढवत नेलेलं. हे मला पटलं. जुना कोट सैल करून, बाही बदलून, परत आत घेऊन वापरला की कुठेतरी शिवण सुटतेच. मग म्हटलं, चोर आमच्याच का मागे? तर म्हणे, जी सिस्टीम घरोघरी तिच्यामागे चोर जास्त. एक किल्ली घडवली की गल्लीभर दारं उघडतात. आणि शिरतो कसा, तर आधी पाहुण्यासारखा, ओसरीपुरता. मग दुसरं भोक शोधून हळूच घरधनी होतो. (हे ऐकून मला यांच्या मावशी आठवल्या. दोन दिवसांसाठी आल्या होत्या, आठवड्यात कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला.)

पण सगळ्यात गंमत पुढे. उपाय पाठवताना बनवणारे भोकाचा गवगवाही करतात. चोरही ते वाचतात, आणि ज्यांनी अजून बुजवलं नाही त्यांच्याकडे जातात. म्हणजे गल्लीत दवंडी पिटायची की अमुक घरांची मागची कडी लागत नाही, कड्या फुकट मिळतील, या आणि घेऊन जा. आणि आम्ही म्हणायचं, नंतर. मी म्हटलं, मग बोंबलता कशाला, गुपचूप पाठवा. तो म्हणाला, सांगितलं नाही तर कुणी बुजवतच नाही. हे मी मानलं, आणि मी कुणाचं सहसा मानत नाही. शिवाय म्हणे भोक शोधून कळवणाऱ्याला कंपन्या बक्षीस देतात. माझ्याकडे गिऱ्हाइकाने भोक दाखवलं तर मी भांडते. हे बक्षीस कोण देतं, बायकांना देतात का, आणि त्याला इंग्रजी लागतं का, तेवढं कळवा. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी मी, मला दिसेल.

त्याने भोक बुजवलं, सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, बदलायला लावल्या. मी म्हटलं, गेलेली मापं परत आणता का? तो म्हणाला, गेलं ते गेलं. आता यंत्र विचारेल तेव्हा मी 'हो' दाबते आणि ते परत जागं होईपर्यंत काज करत बसते. गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, आमच्या नावाचा मेसेज आला तर बोट दाबू नका. तेवढं प्रामाणिकपणे केलं. कंबरेचं काही बोलले नाही. एकीने विषय काढला तेव्हा ऐकू येत नसल्यासारखं केलं. लेकीला जपा, स्वतःलाही जपा, आणि खुर्चीत वाकडे बसू नका.

तुमची सासू.

ता. क. मुद्दा राहिला. तुमच्या कॉम्प्युटरवाल्या कंपनीच्या नावाच्या कागदावर मला चार ओळी हव्यात, की असे चोर नुसती चोरी करत नाहीत, आकडे वाढवूनही ठेवतात, आणि बहुतेक दोन इंचांनी. सही-शिक्क्यासकट. शनिवारी ट्रायलच्या आरशाशेजारी लावणार आहे. दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, काकू, असं लिहिलं तर माझा धंदा बसेल. परका माणूस, त्याला काय बोलणार. तुम्ही घरचे.

ता. क. दुसरं. आता लगेच तत्त्वाच्या गोष्टी काढू नका. तुमच्या लग्नाचा कोट मीच शिवला होता. मंडळींसमोर मी चौतीस म्हटलं होतं आणि तुम्ही अजून चारचौघांत चौतीसच सांगता, लेक कौतुकाने हसते. खरा आकडा जुन्या वहीतून त्याच कॉम्प्युटरात चढवला होता, तो चोराकडे गेला, आणि माझ्याकडेही आहे. लेकीने अजून पाहिलेला नाही. गुरुवारपर्यंत कागद किंवा उत्तर, दोन्हींपैकी एक माझ्या हातात पडलं पाहिजे.