पलीकडून एक

४ जानेवारी, रविवार
उपासनेला आई व मी. खांदा कॉलनीतला हॉल, पंखे बंद, थंडी. फळ्यावर प्रार्थनेची यादी नेहमीप्रमाणे मी लिहिली. आठ नावे. पास्टरांनी नववे सांगितले होते: ज. घशाचा आजार, वाचा गेली, काकीने निरोप पाठवला. लिहिले नाही. (बाबांचा भाऊ असला तरी त्याला या वहीत काका लिहायचे नाही, हे दादा बुडाला तेव्हाच ठरले. सहा वर्षे पाळतो आहे.)
पास्टरांनी फळा पाहिला, मग माझ्याकडे.
प्रभूच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो' ही क्षमेची ओळ आली की मी ओठ मिटतो. आजही मिटले. चाळीस जण बोलतात, एक तोंड कमी पडले तर कळत नाही.
आज त्या ओळीला आवाज आला. लाकडावर लाकूड. दोन ठोके. थांबून पुन्हा दोन.
बाहेर आल्यावर आईला विचारले.
"पंखा आसंल."
पंखे बंद होते.

६ जाने., मंगळवार
छपाईच्या दुकानात तीन लग्नपत्रिकांची मुद्रिते. सगळी तीनतीनदा वाचली. नववीला शाळा सुटली, पण पत्रिकेत चूक सुटलेली नाही.
दुपारी काउंटरवर दोन ठोके. गिऱ्हाईक नव्हते. शेठ म्हणाले, "डोळे चांगलेत रे तुझे, आता कान दाखवून घे."
हे ठोके मला लहानपणापासून माहीत आहेत. खाडीवर धुके उतरले की मोठ्या होडीने आपल्याच काठावर वल्हे दोनदा ठोकायचे. लहान होडीने एकदा. पलीकडून एक आला म्हणजे माणूस आहे. तो येईपर्यंत दोन थांबवायचे नाहीत, कितीही वेळ लागो.
सहा वर्षांपूर्वीच्या त्या धुक्यात मोठ्या होडीत ज. होता. लहान होडीत दादा. ज. भरती गाठून एकटा परत आला. लहान होडी तिसऱ्या दिवशी तिवरांत सापडली, पालथी. दादा त्याच्या पुढच्या दिवशी.
किती वेळ ठोकले, हे ज. ने कोणाला सांगितले नाही. आता वाचाच गेली. बरे झाले, असे मी

११ जाने., रविवार
यादी सातची. ज. चे नाव आजही नाही.
पास्टरांनी बाजूला घेतले. "एक नाव राहतंय."
"चुकून." उपासनेच्या दारात खोटे बोललो.
"तू चुकून चुकत नाहीस रे. पत्रिकेत चुलत आजोबांचं नावसुद्धा सोडत नाहीस." हसले. मग हळू, "माफ कर असं मी आज म्हणत नाही. नुसता जाऊन बस त्याच्यापाशी. बसायला माफी लागत नाही."
क्षमेची ओळ. ओठ मिटले. दोन ठोके माझ्या खुर्चीखालून आले. लाकडावरचेच.
खुर्ची प्लॅस्टिकची आहे.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. दुकान बंद. आईला म्हटले, उलव्याला ज. कडे जातो, चल.
"तू जा. आज मना नाय जमत."
सकाळी धुके. उलव्यात नव्या इमारतींचे वरचे मजले दिसत नव्हते. जिन्यातच आवाज ऐकू आला. दोन. थांबून दोन. वाटले, मागून आला माझ्या.
तो आतून येत होता.
ज. लाकडी बाजेवर, डोळे मिटलेले, गाढ झोपेत. उजव्या हाताची मधली बोटे बाजेच्या काठावर. कातडे सोललेले. काठाला खळगा पडला आहे.
काकी म्हणाली, "जागा आसला की नाय ठोकत. झोपला की सुरू. तवापासून हाय रं. सा वरसं मी ऐकतंय. पयल्यांदा पाट दिला, मंग उशी दिली. उशीतनं पन येतो."
जागा झाला. मला ओळखले. मी सहा वर्षे घोकलेला प्रश्न विचारला. "ठोकायचं थांबवलंत ना तुम्ही?"
त्याने खिडकीकडे पाहिले. मग मान हलवली. हो.
म्हणजे खरे होते. मी चहा न घेता उठलो. जिन्यात विमान डोक्यावरून गेले. ते गेल्यावर, पुन्हा दोन.

१५ जाने., गुरुवार
आईला सांगितले, त्याने कबूल केले.
"मना म्हाईत हाय."
"कधीपासून?"
"तेराव्या दिसापासनं. पाय धरून बोलला मना. भरती चढली, भ्यालो, म्हनाला."
"आणि तू गप्प?"
"रोज प्रार्थना करतंय त्याच्यासाठी. एक दिस जमते, एक दिस नाय." मासे साफ करत होती. हात थांबला नाही.
रात्री जेवलो नाही.

१८ जाने., रविवार
ताप. उपासना चुकली. यादी कोणी लिहिली, माहीत नाही.

२१ जाने., बुधवार
अर्धी रजा. पुन्हा उलवे. तो झोपलेला, दुपार, हात चालू. बाजेशेजारी बसलो. प्रार्थना करायची होती. प्रभू, एवढेच आले. पुढे शब्द नाही.
दोन. थांबला. दोन. थांबला. त्या थांबण्यातच सगळे आहे, हे इतक्या जवळून ऐकल्यावर कळले. तो वाट पाहतो.
मी बोट वाकवले आणि बाजेवर एकदा ठोकले.
हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला, उघडा.
काकी स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? थांबला कसा? गेला काय?" नाकाशी बोट धरले. श्वास चालू होता. ती भिंतीला टेकून खाली बसली व रडली.
मी माफ केले का? की दादाच्या नावाने खोटे उत्तर दिले? दादाला विचारले नव्हते.

२५ जाने., रविवार
फळ्यावर नववे नाव लिहिले. जगनकाका. खडू दोनदा मोडला.
क्षमेची ओळ आली. तोंड उघडले. अर्धी ओळ आवाजात गेली, अर्धी नाही.
दोन ठोके आले नाहीत. मी वाट पाहिली.
मग मागून, बंद दाराकडून, एक.
डोळे उघडले नाहीत. शेजारी आईने माझा हात घट्ट धरला होता. तिने ऐकले का, अजून विचारलेले नाही.