जीपची मागची काच

बा,

तुझ्या जीपची मागची काच आता माझ्या क्वात्र बॉर्नच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवलेली आहे. आज सकाळी ती पुसत होते. फोडणीची तेलकट वाफ तिच्यावर बसते, मग साबणाच्या पाण्यानं धुवावी लागते. पुसता पुसता वाटलं, या काचेबद्दल तुला काही सांगायचं राहून गेलंय. तसं तुला सगळंच सांगायचं राहिलं म्हण. तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली, की आता तुझ्यावर रागवायचं म्हटलं तरी आधी आठवावं लागतं, कशाबद्दल ते. म्हटलं, तेही विसरायच्या आत लिहून टाकावं.

साखरेच्या इस्टेटीनं टाकून दिलेली ती लांब जीप तू घरी आणलीस तेव्हा सगळं कांप दे मास्क गाव हसलं होतं. भाजी पिकवणाऱ्याला जीप कशाला, म्हणून. पण हसणारेच नंतर तिच्यात बसायला यायचे. पहाटे तिच्यातून वांगी आणि मिरच्या फ्लाकच्या बाजाराला जायच्या, रविवारी देवळात निघालेल्या म्हाताऱ्या, आणि भाद्रपदात गणपती. गणपती मागच्या बाकावर, आई त्याला एका हातानं धरून बसलेली, तू गाडी पायी चालल्यासारखी हाकतोस आणि झाकरी नाचणारे मागून घामाघूम होऊन येतायत. मागच्या काचेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, 'श्री गणेश प्रसन्न'. बैठकेत संध्याकाळी आम्हाला मराठी शिकवणाऱ्या गुरुजींनी ते लिहून दिलेलं. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ती काच तू रोज फडक्यानं पुसायचास, पुढची राहिली तरी चालेल. आणि कुणी पाहुणा आला की मला हाक मारायचास, 'गो पोरी, जरा वाचून दाखव यांना.' मी वाचायचे. तीन शब्द, त्यात काय वाचायचं! पण तुझा चेहरा असा व्हायचा, जसं काही मी कीर्तनच केलंय.

ती काच फुटली कशी, हे गावाला कधी कळलं नाही. इंग्लंडच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला माझी निवड झाल्याचं कळलं, तो दिवस. तू जीपच्या मागच्या दारात उभा राहून वांग्यांच्या गोण्या उतरवत होतास. मी आनंदानं धावत सांगायला आले. मला वाटलं, तू म्हणशील, वाच पाहू काय लिहिलंय. तू गोणी खाली ठेवलीस आणि म्हणालास, 'आपल्यातला जो बोटीत बसला तो परत गेला नाही. तुझा खापरपणजा रत्नागिरीतनं या बेटावर ऊस तोडायला निघाला तेव्हा त्यालापण वाटलं होतं, चार दिवसांनी घरी येईन.'

मी म्हटलं, 'मी बोटीनं कुठं चाललेय? विमानानं जाणार.'

'परक्यांची घाण उपसायला?'

'उपसायला नाही, शिकायला.'

'मग जा. आणि माझ्याशी बोलू नको.'

'नाही बोलणार!' मीही तुझीच मुलगी. तू दार असं आपटलंस, की काचेचा चुरा झाला आणि सगळा वांग्यांवर सांडला. पुढे कितीतरी दिवस आई वांगं चिरायच्या आधी उजेडाकडे धरून बघायची. तू शेजाऱ्यांना सांगितलंस, उसाच्या लॉरीतून दगड उडाला. कापणीचे दिवस, कुणाला शंका येणार? त्या बिचाऱ्या लॉरीला सगळ्या गावानं शिव्या घातल्या आणि तू मान खाली घालून हो हो म्हणत होतास.

आपल्या घरात अबोल्याचा एकच कायदा होता. आधी बोलेल तो हरला. तू काकाशी असाच कितीतरी वर्षं बोलला नव्हतास, आणि शेवटी तोच आधी बोलला हे तू मरेपर्यंत सांगत राहिलास. तेव्हा मला माहीत होतं, मी कुणाशी पंगा घेतलाय. स्वयंपाकघरात तू चुलीच्या या बाजूला, मी त्या बाजूला, मध्ये आई फाराटे लाटतेय. 'तिला सांग, मीठ सरकव.' 'त्यांना सांग, मीठ समोरच आहे.' आई लाटणं आपटायची. 'मी काय टेलिफोन आहे? तोंडं दिलीत ना देवानं दोघांना?' मग मीठ तीच सरकवायची. मला राग होताच, पण त्याच्याखाली भीती होती, ते आज सांगते. मला वाटायचं, हा माणूस एक शब्द न बोलता मला जाऊ देईल. तू विमानतळावर येणार नाहीस, हे तर आईकडून कधीच कळवलं होतंस. मला बाकी काही नको होतं. तिकीट होतं, पेटी भरलेली होती. जाण्याआधी तू एकदा माझ्याशी बोलावंस, एवढंच उरलं होतं.

काचेच्या जागी तू गोणपाट बांधलंस आणि तसाच गाडी हाकत राहिलास. मागून उसाच्या रस्त्याची लाल धूळ आत ओढली जायची. देवळाला जाणाऱ्या म्हाताऱ्या उतरायच्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या केसांना मेंदी लावल्यासारखी दिसायची. त्या कुरकुरल्या, तू ऐकलं नाहीस. आई म्हणाली, गणपतीला काय गोणपाटात नेणार? तेही ऐकलं नाहीस. मग एक दिवस पहाटे उठलास, चांगला सदरा घातलास, आणि बसनं क्वात्र बॉर्नला गेलास. तिथे एक माणूस मापानं काच कापून द्यायचा. येताना काच गोधडीत गुंडाळून मांडीवर. दोन बस बदलून, उभ्या गर्दीतून. आईनं विचारलं, अचानक काय सुचलं? तू म्हणालास, 'सुचलं.' जाण्याचा दिवस तेव्हा अगदी तोंडावर आला होता, पण तो धागा मी जोडला नाही. आईनं जोडला असणार. ती नुसती हसत होती.

'तिला सांग, जुन्या काचेवर होतं तसं लिहायला.' मी लिहिलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर काच आडवी ठेवून, बारीक ब्रशनं. गुरुजींपेक्षा माझं अक्षर चांगलं आलं होतं, हे मी आजही म्हणेन. तू दोनदा येऊन बघून गेलास, पाणी प्यायच्या निमित्तानं.

मग तो रविवार. अंगणात जीप, कोंबड्या चाकांखाली, आणि तू रबराची पट्टी गरम पाण्यात भिजवून मऊ करतोयस. काच बसवायची रीत तुझी तूच इस्टेटीच्या गॅरेजात बघून शिकला होतास. काचेच्या कडेनं रबर चढवायचं, रबराच्या खाचेत साबण लावलेली दोरी घालायची, दोरीची टोकं गाडीच्या आत सोडायची. मग एकानं बाहेरून तळव्यांनी काच दाबायची आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत जायचं, म्हणजे रबराचा ओठ चौकटीवर उलटून बसतो. काम दोघांचं आहे. एकट्यानं होत नाही, आणि आईची बोटं संधिवातानं वाकलेली. तू आईकडे बघितलंस, आई माझ्याकडे. मी आत जाऊन बसले.

तू काच उचललीस आणि रंगाची बाजू आत ठेवलीस, म्हणजे पावसानं अक्षरं पुसायला नकोत. विचार बरोबर होता. मी आत बसलेली, मला समोर सरळ, स्वच्छ दिसलं, 'श्री गणेश प्रसन्न'. 'तिला विचार, अक्षरं नीट आहेत का?' 'त्यांना सांग, अगदी नीट आहेत.' वाचता येणारी आत होती, बाहेर होता त्याला वाचता येत नव्हतं. उलटंपालटं काही असेल, हे दोघांपैकी कुणाच्या डोक्यात येणार?

'तिला सांग, ओढ.' आई म्हणाली, 'ओढ गो.' तोवर तुझा दाब दुसरीकडे गेलेला, रबर सटकलं. पुन्हा सगळी दोरी घातलीस. पुन्हा 'तिला सांग', पुन्हा सटकलं. तिसऱ्यांदा तुझा चेहरा काचेला टेकलेला, माझ्या चेहऱ्यापासून वीतभर लांब, कपाळावर शीर उभी, आणि तू ओरडलास, 'राले!'

मी ओढली.

'दूस्मां, दूस्मां!' मी हळू केलं. 'राले! आँकोर!' मी ओढत गेले, तू दाबत गेलास, कोपरा आला, वळला, आणि काच चौकटीत बसली. आई टाळी वाजवून म्हणाली, 'बोललात! हरलात!'

तू हात पुसत म्हणालास, 'ते क्रेओल होतं. क्रेओल तर मी कोंबड्यांशीपण बोलतो. अबोला मराठीत आहे.'

मला हसू आलं होतं, बा. तोंड फिरवून मी हसले, आणि मग रागच आला, की एवढ्या जवळ आलास आणि तिथूनसुद्धा कायदा काढलास.

विमानतळावर तूच घेऊन गेलास. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. सकाळी जीप दारात उभी होती आणि मागचा बाक धुतलेला होता. मी आईच्या शेजारी मागे बसले, अंगात फिकट रंगाचा नवा कोट, इंग्लंडच्या थंडीसाठी घेतलेला. उसाचा रस्ता संपून डांबर लागलं तेव्हा मी कोटावरून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. धुळीचा कण नाही. तेव्हा कळलं मला, ती काच कुणासाठी बसवली होतीस ते. तुझी मान मला मागून दिसत होती, आणि मी वाट बघत होते, की आता बोलेल, या वळणावर बोलेल. तू पेटी उतरवलीस, हात पुढे केलास आणि म्हणालास, 'बों वोयाज.' इस्टेटीच्या साहेबाला म्हणावं तसं. मी म्हटलं, 'मेर्सी.' एवढंच.

पुढचं सगळं आईमार्फत. माझी पत्रं आईच्या नावानं, वाचून दाखवायला गुरुजी. 'बाला सांग, इथे बर्फ पडतो.' 'तिला सांग, यंदा मिरची चांगली आली.' असं करत करत तू गेलास. मी वॉर्डात होते, रात्रपाळी होती, तार हातात पडेपर्यंत इकडे तुला जाळूनही झालं होतं. मी रजा काढून आले ती राखेलाच.

जीप शेडमध्ये उभी होती. मी मागून तिच्याकडे गेले आणि थांबले. काचेवर उलटी अक्षरं. जायच्या घाईत मी ती बाहेरून कधी बघितलीच नव्हती. आरशात दिसावीत तशी. मला वाटलं, रडून रडून माझेच डोळे फिरले. आई मागून आली आणि सांगायला लागली. मी गेले त्याच साली गणपतीच्या मिरवणुकीत कमिटीतल्या लोकांनी ते पाहिलं. हसून हसून पोटं धरली त्यांनी. 'अरे, देव उलटा बसवलास!' म्हणाले, आत्ता काढून फिरवून देतो, चार जण आहोत. तू त्यांना हात लावू दिला नाहीस. तू म्हणालास, 'असू दे. ती येईल तेव्हा फिरवू. आतून दोरी ती ओढते.' मग दरसाल मिरवणुकीत तेच हसणं आणि तुझं तेच उत्तर. रबर तडकलं, कडेनं पाणी आत यायला लागलं, तरी नाही. सगळ्यांना माहीत होतं, बा. या बेटावर मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, की तू माझी वाट बघतोयस. आईनंही कळवलं नाही. तू तिला शपथ घातली होतीस. तेव्हा शेडमध्ये मी तुझ्यावर जेवढी चिडले, तेवढी त्याआधीही नाही आणि नंतरही नाही.

मी इंग्लंड सोडून कायमची परत आले, तोवर जीप गंजून गेली होती. भंगारवाला न्यायला आला तेव्हा मी सुरीनं रबर कापलं आणि काच काढून घेतली. इथे सुतारानं खिडकीला चौकट केली आणि विचारलं, मादाम, अक्षरं कुठल्या बाजूला? मी म्हटलं, आतून सरळ दिसतील अशी. रस्त्यानं जाणारे बघतात, मान वाकडी करतात. शेजारीण दोनदा सांगून गेली. माझी मुलं मराठी समजतात, बोलत नाहीत, वाचायचं तर नावच नको. म्हणजे घरात ती अक्षरं वाचणारी मी एकटीच, तेव्हा होते तशी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते पिठाच्या डब्याखाली जाईल. पण लिहून झाल्यावर एकदा वरून खाली वाचून पाहिलं. तुझ्याशी तोडून बोलले त्या दिवसानंतर तुला उद्देशून मराठीत लिहिलेलं, बोललेलं हे माझं पहिलंच. मध्ये आई नाही, 'बाला सांग' नाही.

म्हणजे आधी मी बोलले. हरले, बा.