गिटारच्या पाठीतला खळगा

मी, महानंदा भ्रतार शिवलिंग हालकुडे, वय ६१ वर्षे, धंदा गिटारवादन व शिकवणी, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालायची कोणाची छातीही नाही.

हे मृत्युपत्र घरादारासाठी कमी आणि माझ्या मातीसाठी जास्त आहे. माझा धाकटा भाऊ चन्नबसप्पा खानापुरे, राहणार चाकूर, हा गेली तेहतीस वर्षे सांगत आला आहे की माझे गळ्यातले इष्टलिंग हदगावच्या स्टेजवर फुटले आणि लिंग फुटले की माणूस लिंगायत राहत नाही, म्हणून समाजाच्या स्मशानभूमीत मला जागा देऊ नये. हे धादांत खोटे आहे. खरे काय ते खाली ओघात येईल.

१) लातूरचे दोन खोल्यांचे घर, मागची खोली धरून, सिंधु ज्ञानोबा पवळे, मूळ राहणार उमरी, हिला द्यावे. ती कॉलेजला म्हणून मागच्या खोलीत भाड्याने राहायला आली आणि माझी गिटार ऐकून कॉलेज विसरली. मला मूलबाळ नाही. रक्ताचे नाते शोधत कोणी आले तर त्याने आधी एक गाणे वाजवून दाखवावे.

२) माझ्या चार गिटार आहेत. प्रत्येकीचे अंग वेगळे आहे, म्हणून प्रत्येकीबद्दल वेगळे लिहिते.

पहिलीला आम्ही ‘फळी’ म्हणतो. १९८२ साली लातूर जिल्हा झाला त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याने ती आणली. त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि उत्साहाच्या भरात त्याने आमच्या ऑर्केस्ट्राचे नावही ‘नवा जिल्हा मेलडी’ ठेवले होते. फळी नावाप्रमाणेच सपाट. कडा इतक्या चौकोनी की उजव्या हाताच्या कोपराखाली कायम लाल रेघ. ती मी सोसली. पण आमच्यात लिंग गळ्यात असते, चांदीच्या डबीत, छातीवर. फळी गळ्यात अडकवली की डबी लाकडात आणि बरगडीत चेंगरायची. मी अक्कल चालवून डबी बाजूला सरकवली आणि तिचा दोरा गिटारच्या पट्ट्याखाली दाबला. तिथेच चुकले. महिनोन्‌महिने फळीची कड दोऱ्यावर घासत राहिली आणि मला पत्ता नाही.

हदगावला १९८३ साली, संध्याकाळच्या कार्यक्रमात, दुसऱ्या कडव्याला दोरा तुटला. डबी पडली, उघडली आणि लिंग घरंगळत अ‍ॅम्प्लिफायरखाली गेले. मी गाणे तिथेच सोडले आणि नेसत्या साडीनिशी स्टेजवर पालथी पडून हात घातला. आमचा ड्रमवाला रामकिशन ठेका धरून राहिला, त्यामुळे लोकांना वाटले हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि शिट्ट्या सुरू झाल्या. लिंग हाताला लागले. साधा टवकाही उडाला नव्हता. मी ते कपाळाला लावले, डबीत ठेवले, डबी कमरेला खोचली आणि राहिलेले गाणे पूर्ण केले.

पण हदगावहून बातमी एसटीने माझ्याआधी चाकूरला पोचली, आणि पोचेपर्यंत लिंगाचे दोन तुकडे झाले होते.

माहेरी गेले तर चन्नबसप्पा दारातच बसलेला. म्हणाला, “अक्का, लिंग तरी काढ न्हाईतर ते लाकूड तरी. दोन्ही छातीवर चालायचं न्हाई.”

मी डबी उघडून पुढे केली. “चन्ना, बघ की. काई झालं न्हाई त्याला.”

“मला काई बघायचं न्हाई.”

त्याने मान वळवली ती वळवलीच. आमचे अप्पा आत ऐकत होते, तेही बाहेर आले नाहीत. पुढे तीन वर्षांनी अप्पांच्या मातीला मला कुंपणाबाहेर उभे केले. मी बापाला मूठभर माती देऊ शकले नाही. याचा राग मला आजही आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करीत नाही, बरोबर घेऊन जाणार आहे.

दोन्हींतले काहीच काढायचे नाही, हे मी चाकूरहून परतताना गाडीतच ठरवले. लातूरला लिंबाजी सुतार बैलगाड्यांची जुवे करायचा. त्याला अडचण सांगितली. तो म्हणाला, “जू लागाय लागलं तर बैलाची मान तासतेत का अक्का? जू तासतेत.” त्याने डबीला खडू फासायला लावला, फळी गळ्यात घालून मला उभे केले आणि म्हणाला, “आता वाजवा.” मी वाजवले. फळीच्या पाठीवर पांढरा डाग उमटला. तेवढ्या जागी त्याने वाटीएवढा खळगा कोरला आणि कडाही गोल करून दिल्या. त्या दिवसापासून लिंग आणि गिटार दोघे सुखाने राहिले. नवरा म्हणाला आवाज थोडा बदलला. मी म्हटले, बदलू दे.

फळी सिंधुला द्यावी. खळगा बुजवू नये. सिंधुने एकदा विचारले होते, “अक्का, माझ्या गळ्यात तर काई न्हाई. मी ह्यात काय ठेवू?” मी म्हटले, काही ठेवू नको, श्वास घे.

दुसरी, दोन शिंगांची, पाठीला बाक असलेली. अंगाला अशी बसते की वजन कळत नाही, पण तिची मान डावीकडे हातभर लांब गेल्यासारखी वाटते. पहिले आठ दिवस मी प्रत्येक सूर एक घर आधीच दाबत होते. सिंधु, नवे अंग हातात आले की बोटांना शिव्या देऊ नकोस. आधी कोपर कुठे टेकते ते बघ, बोटे मागून येतात. हीही तुझीच.

तिसरी पोकळ आणि मोठ्या पोटाची. कडेवर घागर घेतल्यासारखी धरावी लागते आणि अ‍ॅम्प्लिफायरजवळ गेली की किंचाळते. ही रामकिशनला. त्याला ती वाजवता येत नाही, पण तिच्यावर बोटांनी ठेका छान धरतो.

चौथी बाणाच्या आकाराची. ही चन्नबसप्पाला. तिला बसून धरताच येत नाही, मांडीवरून घसरते. धरायची तर उभे राहावे लागेल. माझ्यासाठी तो एकदाही उठून उभा राहिला नाही.

३) पाचशे लिटरची पाण्याची टाकी शेजारच्या लक्ष्मम्माला द्यावी. यंदा लातुरात घरापेक्षा टाकीवर जास्त डोळे आहेत, म्हणून वेगळे कलम.

४) माझी माती लातूरच्या समाजाच्या स्मशानभूमीत, माझ्या नवऱ्याशेजारी, रिवाजाप्रमाणे बसवूनच करावी. मी परवानगी मागत नाही, सांगत आहे. सगळे विधी सिंधुने करावेत, ती माझी मुलगी आहे. पाण्याची टंचाई आहे तेव्हा आंघोळीला दोन घागरी पुरेत. जमीन वाळून पहारीला दाद देत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी खड्डा उथळ करू नये. मी मान ताठ ठेवून बसणार आहे.

लिंग डाव्या तळहातावर ठेवावे. याच डाव्या हाताच्या बोटांना चौतीस वर्षांचे तारांचे घट्टे आहेत. ते घासून काढायला जाऊ नये. रोज सकाळी पूजेला लिंग याच हातावर घेतले आणि संध्याकाळी तारा याच हाताने दाबल्या. देवाने कधी तक्रार केली नाही.

ठिकाण: लातूर
दिनांक: १७ एप्रिल २०१६
सही: महानंदा शिवलिंग हालकुडे

वरील मजकूर लिहिणारणीने आमच्यासमोर वाचून सही केली, म्हणून आम्हीही तिच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१) रामकिशन भुजंग सूर्यवंशी, राहणार नांदेड (सही)
२) केवळाबाई सटवाजी जाधव, राहणार लातूर (निशाणी अंगठा)

कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. खालची तिसरी ओळ मी मुद्दाम लिहून ठेवली आहे. ती भरेपर्यंत माझी मूठ झाकू नये, आणि तो येईपर्यंत माती थांबवावी, एक दिवस.

३) मी, चन्नबसप्पा माणिकप्पा खानापुरे, आज माझ्या अक्काच्या हातातले लिंग जवळ जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते अखंड आहे.
सही: ____________