चार ते सहा

११ एप्रिल १९८९, मंगळवार

पाच दिवस झाले. पाडव्यापासून एकही आकडा लावलेला नाही. लिहायला किती सोपं!

या वहीची पुढची पानं फाडून टाकली. सगळे मटक्याचे आकडे होते, दोन वर्षांचे, तारीखवार. एवढा अभ्यास शाळेत केला असता तर आज कलेक्टर झालो असतो. आता मागची कोरी पानं वापरतो आहे. काय लिहिता म्हणून कमलने विचारलं नाही. ती सध्या काहीच विचारत नाही. जेवायला वाढलंय, दूध नासलं — एवढंच.

अडचण अशी की नोकरीच आकड्यांची. धुळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर. सकाळी सहा ते दोन खिडकीत बसून गाड्यांचे नंबर लिहायचे आणि माइकवर सांगायचे. शिरपूर गाडी फलाटावर लागते, आणि तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे माझ्या डोक्यात चिकटतात. दिवसभर काढता येत नाहीत. दारुड्याने गुत्त्यात नोकरी करावी तसं आहे हे.

दोनला सुटतो. चारला पहिला आकडा फुटतो, सहाला दुसरा. ते दोन तास काय करायचं?

१२ एप्रिल

चार ते सहा घरात पंख्याकडे बघत पडलो. पंख्याला पाती तीन. तीन!!

१३ एप्रिल

लिहूनच टाकतो. निदान एका ठिकाणी तरी खरं असू दे.

फेब्रुवारीत कमल मामेबहिणीच्या लग्नाला गेली होती. मागे मी तिचं शिलाई मशीन विकलं. ती आल्यावर सांगितलं, दुरुस्तीला टाकलंय. तिने दीड महिना विश्वास ठेवला. ब्लाउज शिवायला आलेल्या बायांना ‘पुढल्या आठवड्यात’ म्हणत राहिली. पाडव्याच्या आदल्या दिवशी ती स्वतःच दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, माझ्याकडे कुणी काही आणलेलंच नाही.

घरी आली. पाणी प्याली. मला म्हणाली, “उद्या गुढीला लावायला माझा खण ठेवलाय ना? की तोही गेला?”

रडली असती, भांडली असती तर मी पण आवाज चढवला असता. तसली सोय तिने ठेवली नाही.

१४ एप्रिल

आज साडेतीनला पाय आपोआप भटूच्या टपरीकडे निघाले. पुढे पान-विडी, मागे चिठ्ठ्या लिहायचं काम. मधल्या गल्लीत इसाक पिंजाऱ्याचं दुकान. तो कापूस पिंजत होता. तोंडाला फडकं बांधलेलं. मला बघून पिंजण थांबवली.

तीन वर्षांपूर्वी हा माझ्या पुढे उभा असायचा भटूच्या टपरीवर. मग एकदम दिसेनासा झाला. लोक म्हणाले, इसाक सुधारला. मी तेव्हा हसलो होतो.

त्याने एवढंच विचारलं, किती दिवस झाले? याला कसं कळलं? म्हणे चालण्यावरून कळतं. मी म्हटलं, आठवा दिवस. त्याने जागा करून दिली आणि दाभण हातात दिलं. “बस. गादीला टाके घाल. चार ते सहा इथं येत जा, जीवरामभाऊ. सहानंतर कुठं जायचं तिथं जा.”

सहा टाके घातले, चार वेळा बोट टोचलं. पण सहा वाजले!

१७ एप्रिल

रोज जातो आहे. बेचाळीस डिग्री ऊन, त्याचे रोजे चालू, घशात कापसाची भुकटी, आणि हा पाण्याचा थेंब घेत नाही. मला मात्र माठातलं पाणी स्वतः काढून देतो. मला प्यायची लाज वाटते.

विचारलं, हे जातं कधी?

“जात नाही भाऊ. दमतं फक्त.”

त्यापेक्षा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. रात्री त्याच वाक्यावर झोप उडाली.

एक बघितलं. बरोबर चारला त्याची पिंजण थांबते. मिनिटभर नुसता बसतो. नमाजाचं काहीतरी असेल.

२० एप्रिल

स्वप्नात साप. साप म्हणजे कोणता आकडा, हे या गावात पोरंही सांगतील. खिडकीत बसलो तर अमळनेर गाडीच्या नंबरात तोच! हमाल, कंडक्टर, चहावाला — सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा असल्यासारखा भास. दोनला सुटलो तो पळतच इसाकभाईकडे. दोन तास आधीच. त्यांनी जुनी गादी उसवायला दिली.

(आज पहिल्यांदा ‘इसाकभाई’ लिहिलं. वयाने दहा वर्षांनी तरी मोठे आहेत. इतके दिवस अरेतुरे लिहीत होतो.)

२४ एप्रिल

आबांचं पत्र. कमलचे वडील, चोपड्याजवळच्या गावी असतात. आखाजी (अक्षय्य तृतीया) आठ मेला. लेकीला माहेरी घेऊन या, जावयांनीही दोन दिवस राहायचंच. आणि खाली: ‘गेल्या वर्षी जावयांचा हात फार चालला. या वर्षीही पहिला डाव त्यांचाच.’

आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळतात. बाया झोक्यावर, बाप्ये पत्त्यांवर. पैसे लावून, भर दिवसा, घरच्या ओट्यावर. त्या दिवशी तो जुगार नसतो, सण असतो. वर्षभर बिडीला न शिवणारे म्हातारेही बसतात. जावई बसला नाही तर सासऱ्याचा अपमान.

पत्रात आणखी एक ओळ होती. ‘कमलच्या डोळ्यांचं कसं आहे? जळगावला डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे, आखाजी झाली की दाखवून आणतो.’

डोळ्यांना काय झालंय? कमलला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, मशीन कुठं गेलं असं आईने विचारलं होतं, तेव्हा सांगितलं की डोळे दुखतात म्हणून विकलं.

माझ्यासाठी खोटं बोलली. आणि आता तिच्या धडधाकट डोळ्यांना चष्मा लागणार!

२७ एप्रिल

लावला.

२८ एप्रिल

काल हात चालेना म्हणून एकच शब्द लिहिला. आज सगळं.

आबांचं पत्र खिशात घेऊन फिरत होतो. एकदाच मोठा आकडा लागला तर मशीन परत येईल, आबांना काही कळणार नाही, सगळं मिटेल. किती वेळा हाच विचार केला असेल आयुष्यात? जित्याची खोड! भटूला म्हटलं, आकडा तूच टाक, मला सांगू नको. दुसऱ्याच्या हातचा आकडा फळतो म्हणतात. त्याने चिठ्ठी लिहिली, घडी घालून दिली.

चारला पाच मिनिटं होती. चिठ्ठी मुठीत धरून इसाकभाईंच्या दुकानात शिरलो आणि मूठ पुढे केली. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. मुठीतून चिठ्ठी काढून घेतली, घडीही उलगडली नाही. समोर अर्धी भरलेली गादी होती, लाल पट्ट्यांची, नरडाण्याच्या लग्नाची. तिच्या कापसात कोपरापर्यंत हात घालून चिठ्ठी आत सोडली. म्हणाले, “शिव.”

मी शिवली. माझ्याच हाताने. आता कुणी नवरा-नवरी तिच्यावर झोपतील आणि त्यांना कधी कळणार नाही.

घरी येऊन कमलला सांगितलं. ऐकून घेतलं तिने. म्हणाली, आज निदान मला दुसऱ्याकडून कळलं नाही.

२९ एप्रिल

भटू फलाटावर आला, हसत. लागला का, एवढं तरी सांग, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो म्हणाला, “चिठ्ठी लई ये, मंग सांगसू.”

म्हणजे लागला? लागला नसता तर सांगितलं नसतं का? की मला परत ओढायला असं बोलतो?

२ मे

ती गादी कोपऱ्यात उभी आहे. लग्नवाले अकरा तारखेला नेणार. मी तिच्याकडे पाठ करून बसतो. पाठीला डोळे फुटलेत.

इसाकभाईंना म्हटलं, भटू असं असं म्हणाला. सांगायला नको होतं. त्यांची पिंजण बराच वेळ थांबली. मग म्हणाले, रमजान सोपा असतो भाऊ, महिनाभर माणूस बांधलेला असतो. पुढचे अकरा महिने अवघड.

मी माझ्याच विवंचनेत. आखाजीला काय करू? नाही म्हटलं तर का ते सांगावं लागेल. सांगितलं तर कमलची मान खाली. खेळलो तर संपलोच. जाऊच नये तर ती एकटी माहेरी, आणि घरात मी एकटा, तीन दिवस! इकडे आड, तिकडे विहीर.

५ मे

इसाकभाईंना विचारलं, तुम्ही कसं सांगितलं घरी? म्हणाले, मी सांगितलंच नाही, बायकोनेच, जमीलाने, भटूच्या टपरीवर येऊन सगळ्यांसमोर माझा हात धरला. तुला तोंड आहे. वापर.

७ मे, रविवार

काल चंद्र दिसला, आज ईद. सकाळी शीरखुर्मा प्यायला गेलो. जमीलाभाभींनी दोनदा वाटी भरली. कमलही आली होती. पहिल्यांदाच. दोघी आत बराच वेळ बोलत होत्या. काय, ते मला सांगितलं नाही.

निघताना इसाकभाई दारापर्यंत आले. नवीन सदरा, अत्तर, आणि चेहरा मात्र उतरलेला. परत कधी येणार, म्हणाले. बुधवारी. तीन दिवस, असं ते स्वतःशीच म्हणाले. मला वाटलं, माझी काळजी करतायत.

आता अमळनेर स्टँडवर चोपडा गाडीची वाट बघत लिहितो आहे. गाडीचा नंबर बघायचा नाही.

८ मे, आखाजी

झालं.

सकाळी घागर पुजली, वर डांगर, पिकलेलं खरबूज, ठेवलं. पुरणाचे मांडे, आमरस. मी जेवलो किती, कुणास ठाऊक. मग आबांनी ओट्यावर सतरंजी टाकली. गावातली सात-आठ माणसं. बाया निंबाला बांधलेल्या झोक्यावर, गाणी चाललेली. कमल झोक्यापाशी उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती.

पत्ते पिसले त्यांचा आवाज! पोटातून कळ आली. खोटं कशाला लिहू, आनंदाचीच होती. आबांनी माझ्यापुढे पत्ते टाकले. मी ते उचलले. हो, उचलले. बघितले नाहीत. बघितले असते तर उठलो नसतो.

खाली ठेवले. म्हटलं, आबा, मी खेळत नाही.

“बसा ना जवाई, आखाजी शे. आज काय पाप लागस का?” सगळे हसले.

मी म्हटलं, “आबा, मला एक डाव पुरत नाही. कमलचं मशीन मी मटक्यात घालवलं. तिचे डोळे चांगले आहेत. त्यांना काही झालेलं नाही.”

गाणं बंद पडलं नाही, झोका थांबला नाही. आबांनी माझे पत्ते उचलून गड्डीत घातले, गड्डी शेजाऱ्याकडे सरकवली. “वाट,” एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी ताटावर सोबत बसले नाहीत. तेही बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर काठीच घेतली असती.

चार कधी वाजून गेले, कळलंच नाही!

९ मे

पहाटे आबा उठवायला आले. चला, म्हणाले. मळ्यापर्यंत गेलो, केळीच्या बागेत. बराच वेळ पाण्याची दारं धरत होते. मीही धरू लागलो. शेवटी म्हणाले, “पुढल्या आखाजीले तुमी मनाजोडे आठेच या. पत्ता खेयतीन ते खेयतीन.”

म्हणजे पुढच्या आखाजीला ते स्वतःही ओट्यावर बसणार नाहीत. माझ्यासाठी! मी बांधावर बसून रडलो. त्यांनी दुसरीकडे तोंड केलं.

कमल शुक्रवारी येईल. निघताना म्हणाली, पिंजाऱ्याकडे टाक्यांचं काम मलाही मिळेल, जमीलाभाभींशी बोलून ठेवलंय. तुमचे टाके फार वाकडे असतात म्हणे.

एक महिना झाला, आज ती हसली. उद्या चारला इसाकभाईंना सगळं सांगायचं. कधी चार वाजतात असं झालंय, पण या वेळी चांगल्या कारणाने.

१० मे

दुकानाचं दार ओढलेलं. आत गुडघाभर कापूस. लाल पट्ट्यांची गादी उभी फाडलेली, आणि इसाकभाई मधोमध बसलेले, माझी चिठ्ठी मुठीत. घडी अजून मोडली नव्हती. म्हणाले, “सकाळपासून धरून बसलोय. चार वाजायला आले, जीवराम. उठू देऊ नको मला.”

मी दाराला कडी घातली आणि सुईत दोरा ओवला.