मॅडम बाहेर जातात का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

मांजरीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. पिशवीत कोंबताना हात ओरबाडला बयेने! रेबीजची लस आणि ती तीन आजारांची एकत्र, या दोन द्यायच्याच म्हणाल्या. ल्युकेमियाची मात्र बाहेर भटकणाऱ्या मांजरांसाठी, तो दुसऱ्या मांजरांकडून लागतो म्हणे.

"बाहेर जाते का?"

छे! बाबांना आत ठेवून कुलूप लावून जाते मी, मांजर कुठून जाणार? — हे मनात. तोंडाने नुसतं "नाही."

त्यांनी तिची मान चाचपली. केसांखाली चावल्याची खूण. "मग हे कुणी केलं?" मी वाकून खूण पाहिली. "बघा, ठरवा आणि या," म्हणाल्या.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुकानातून आले तर तिच्या पंजांना चिखल. ओला! दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि घरी येऊन हा डोक्याला ताप.

दादाचा फोन. "घरकोंबड्या मांजरीला कसली लस? बाबांचं बघ आधी." गेल्या वर्षी बाबा हरवले होते, सकाळी नदीच्या पुलाखाली सापडले, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद — परत असं झालं तर सरळ वृद्धाश्रम. मी चिखलाबद्दल बोललेच नाही. मला बाबा हवेत. इथे. माझ्याजवळ.

८ फेब्रुवारी, रविवार

मागच्या खिडकीला जाळी बसवून घेतली. आता जा म्हणावं!

आईची लाल गोंड्याची घराची किल्ली कपाटात होती, ती सापडेना. मीच कुठेतरी टाकली असणार. बाबांच्या वळणावर चाललेय मी.

११ फेब्रुवारी, बुधवार

परत चिखल. हात टेकले.

बाबांनी तिचं नाव मॅडम ठेवलंय, म्हणून गमतीने त्यांनाच विचारलं, "काय हो, मॅडम बाहेर जातात का?"

"जातात की. आम्ही दोघं जातो. तुझी आई बसने येते ना, तिला आणायला."

आईला जाऊन चार वर्षं झाली. म्हटलं, "आणि वाट चुकलात म्हणजे?"

"कशी चुकेन? येताना मॅडम पुढे असतात."

इतक्या ऐटीत म्हणाले! मी हसले. मग ओट्याशी उभी राहून रडले. असं काहीबाही बोलतात हल्ली, आणि आपण "हो हो" म्हणायचं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. कुठून जाते देव जाणे, पण जाते हे नक्की. तेव्हा ल्युकेमियाचीसुद्धा द्यायची. आधी रक्त तपासावं लागतं. तपासलं, आजार नाही. जीव भांड्यात पडला. सोमवारी बोलावलंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कामावर जाण्याआधी लसी दिल्या. तिन्ही. "एक-दोन दिवस मरगळेल, झोपू द्या," म्हणाल्या बाई. संध्याकाळी आले तर बाबा तिच्याशेजारी जमिनीवर बसलेले. "मॅडम उठत नाहीत," सारखं तेच. म्हटलं, उठतील बाबा, औषध दिलंय. एक काम धड झालं एकदाचं. आज शांत झोपेन.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानातून आले तर दार सताड उघडं. कुलपात आतल्या बाजूने लाल गोंडा लोंबतोय.

बसथांबा पाहिला, पूल पाहिला. दादा शोधायला निघालाय. पोलीस म्हणाले, तुम्ही घरीच थांबा, आले तर कुणी असायला हवं. म्हणून बसलेय.

मॅडम घरात आहे. गाढ झोपलीय.