कंबर नव्हे

३ फेब्रुवारी, सोमवार
आज सकाळी विहारात वंदनेला मांडी घालून बसलो आणि उजव्या अंडात अशी कळ आली की पंचशील म्हणताना आवाज फुटेना. (असा शब्द वहीतही लिहू नये. पण ही वही कोण वाचतं?) घरी येऊन चाचपलं. मागच्या बाजूला सूज, गरम. कॅन्सरच. शर्मिलाने विचारलं, असे काय ओ चालताय? म्हटलं, कंबर.
उद्यापर्यंत आपोआप उतरेल.

४ फेब्रुवारी
उतरलं नाही. लघवीला जळजळ. पावणे गावच्या कंपनीतही कंबरच सांगितली. सुपरवायझरने स्वतःचा पट्टा दिला. दिवसभर पट्टा बांधून प्रेस मशीनवर उभा.
चौथं शील खोटं न बोलण्याचं. पण कंबर आणि ती जागा यांत अंतर वीतभर. एवढं धरत नसतील.

५ फेब्रुवारी
शर्मिलाने कंबर चोळली. कंबर ठणठणीत आहे. उरलेल्या बामाचा एक प्रयोग केला. लिहिण्यासारखा नाही.

६ फेब्रुवारी
ताप. संघर्षला घरातल्या कागदपत्रांचा डबा दाखवून ठेवला. म्हणाला, पप्पा, कंबरेने कोण मरतं का?
बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसलो. सगळं अनित्य आहे, मान्य. पोराच्या बारावीनंतर चाललं असतं.
ठरलं. उद्या डॉक्टर. पुरुष डॉक्टर. एकटा जाणार.

७ फेब्रुवारी
पुरुष डॉक्टर रजेवर. आत डॉ. नमिता, माझ्या पुतणीएवढ्या. शर्मिला सोबत. काय होतंय? म्हटलं, कंबर. वाकायला लावलं. वाकलो. कंबर तर मस्त आहे काका, म्हणाल्या. तेव्हा शर्मिला म्हणाली, मॅडम, ती मीच चोळतेय, मला ठाऊक आहे. खाली बघा. बदकासारखे चालतात.
तपासलं. लघवीची तपासणी, सोनोग्राफी. अंडामागे नळी असते, तिला इन्फेक्शन. तुमच्या वयात बहुतेकदा लघवीच्या इन्फेक्शनमधून होतं. कॅन्सर? नाही, गाठ नाही. हसल्या नाहीत, म्हणून विश्वास बसला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण, घट्ट लंगोट, फडक्यात गुंडाळून बर्फ, आराम. आणि दरडावलं: अचानक कळ आली की त्याच तासाला यायचं, कधी आत पीळही पडलेला असतो. चार दिवस कंबर कंबर करत बसायचं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
विहारात खुर्ची मागितली. अध्यक्ष सितारामदादांनी विचारलं, का रे, कंबर? सगळे बघत होते. वंदना अजून व्हायची होती, चौथं शील पुढे होतं. म्हटलं, नाय दादा. अंड सुजलंय. गोळ्या चालू हायत.
दादा आत गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले. एक मला दिली. दुसरीवर स्वतः जपून बसले आणि कानाशी येऊन विचारलं, डॉक्टर कुठं बसतात रे?